सचिन खेळला, मग तू पेपर का नाही देणार?

परीक्षेचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सार तेच: ‘वडील गेल्यावर चार दिवसांत सचिनने शतक ठोकलं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, त्या भराभर चढा. कामात बुडवून घ्या. वर्षभरात सावरलंच पाहिजे. वर्ष वाया घालवू नका, डिग्री हीच खरी श्रद्धांजली.’ यंदा तो आमच्या तिसऱ्या वर्षाच्या ग्रुपवर आला. त्याच ग्रुपवर नुकतेच वडील गेलेला एक मुलगा आहे. मी त्यांना रसायनशास्त्र शिकवतो. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ गडबडीची आहे.

आधी सचिन. १९९९ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये चालू होता. वडील, म्हणजे प्रा. रमेश तेंडुलकर गेल्याचं कळताच तो मुंबईला आला. झिम्बाब्वेविरुद्धचा सामना त्याने सोडला आणि भारत तो ३ धावांनी हरला. मग परत जाऊन २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४०. मेसेजमध्ये हे १४० असतात, सोडलेला सामना नसतो. त्याला सामना सोडता आला, घरी येता आलं आणि परत गेल्यावर संघातली जागा तशीच होती. आमच्या पोराचा पेपर बुडाला तर विषय राहतो, निकाल अडकतो, आणि कॅम्पसमधून नोकरी लागली असेल तर ‘सर्व विषय उत्तीर्ण’ ही अट आडवी येते. सचिनचा दाखला द्यायचाच असेल तर त्याला मिळाली ती सुट्टीही द्या.

दर वर्षी छापून येणारी ‘वडिलांचं पार्थिव घरात, लेकीने दिला पेपर’ ही बातमीही त्याच जातीची. त्या मुलीच्या हिमतीला माझा नमस्कार. पण कोरी उत्तरपत्रिका देऊन अर्ध्या तासात उठलेल्या मुलाची बातमी होत नाही, म्हणून असं सगळ्यांनाच जमतं असा समज पसरतो.

पाच पायऱ्यांचं थोडक्यात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या अवस्था मांडल्या, त्या स्वतःच मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या, आणि त्या ठरल्या क्रमाने येतातच असं नाही हे त्यांनीही पुढे स्पष्ट केलं. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, मला राग येतच नाहीये, माझं काही चुकतंय का?’ आई गेल्याचं दुःख कमी होतं म्हणून वर ही परीक्षा.

‘कामात बुडवून घ्या’ यात मात्र अर्धं खरं आहे. नेदरलँड्समधल्या श्ट्रोबे आणि शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं, की शोकातला माणूस दोन्हीकडे जात-येत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोर पडलेल्या कामांकडे. हे जाणं-येणंच त्याला तगवतं. आमचा तो मुलगा प्रॅक्टिकलला टायट्रेशन करताना शेजाऱ्याशी हसत होता. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला तेव्हा त्याने रीडिंगही बरोबर घेतलं. ‘याला काही वाटतच नाही’ अशी कुजबुज मी ऐकली. थोड्याच दिवसांनी परीक्षेच्या फॉर्मवर पालकाच्या सहीच्या रकान्यापाशी त्याचं पेन अडलं, आणि फॉर्म तसाच ठेवून तो बाहेर गेला. मुलगा तोच.

आणि काम म्हणजे कुठलं काम? मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे फक्त अभ्यास आहे. घरातला शिकलेला मोठा मुलगा म्हणजे आता घरचा कारकून. मृत्यूचा दाखला काढायचा, त्याच्या ढीगभर प्रती करायच्या. बँकेत नॉमिनी लावलेला नसेल तर आणखी कागद. विम्याचा क्लेम, आईची फॅमिली पेन्शन, गॅसचं कार्ड, विजेचं बिल. सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तलाठ्याकडे जावं तर साहेब दुसऱ्या सजाला. चुलत्यांची सही हवी, आणि चुलते तेव्हाच नेमके जुना हिशेब काढतात. हा मुलगा आधीच कामात नाकापर्यंत बुडालेला असतो. त्यात झोप उडालेली, वाचलेलं डोक्यात राहत नाही. सेमिस्टर सहाचा अभ्यास तो कुठल्या वेळात करणार, हे कोणी विचारत नाही.

वर्षभराची मुदत कोणी ठरवली? आपल्याकडे तेराव्यानंतर मासिक श्राद्ध असतं, वर्षश्राद्ध असतं, आणि पितृपक्ष तर दर वर्षी येतो. जुन्या माणसांनी वर्षाला पूर्णविराम दिलेला नाही. डॉक्टरांच्या निकषांत सहा किंवा बारा महिन्यांचा आकडा येतो (जागतिक आरोग्य संघटनेचा सहा, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या यादीत मोठ्यांसाठी बारा). पण त्याचा अर्थ ‘तोवर विसरा’ असा नाही. तेवढ्या काळानंतरही तीव्र शोकाने जगणंच ठप्प झालं असेल तर उपचारांचा विचार करावा, एवढाच आहे. पदवीदानाच्या दिवशी गाऊन घालून फोटो काढताना रडू आलं तर त्यात आजार काही नाही. बरं, डिग्री हातात आली की मन हलकं होतं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी सभागृहाबाहेर जरा उभं राहावं.

राहिलं वाया जाणारं वर्ष. विषय राहिला तर तो पुढच्या परीक्षेला देता येतो, एटीकेटी ही शिवी नव्हे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेलं क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे श्रेयांक) सात वर्षांपर्यंत चालतं. ज्याला आत्ता पेपर द्यायचाय त्याने जरूर द्यावा, काहींना त्या तीन तासांचाच आधार होतो. ज्याला जमणार नाही त्याने विभागप्रमुखांकडे अर्ज करावा: इंटर्नल पुन्हा घ्या, ७५ टक्के हजेरीतून सूट द्या. सोबत दाखल्याची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. रात्री फारच जड गेलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. अर्ज मात्र परीक्षेच्या आधी करा. निकाल लागल्यावर आलेल्या अर्जावर ऑफिसात ‘आधी का नाही सांगितलं’ एवढंच ऐकायला मिळतं.