नांगर धरायला डिग्री कशाला लागते?

आज सकाळी हे वाक्य आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं. भाचीला बी.एस्सी. अ‍ॅग्रीला प्रवेश मिळाला म्हणून ताईने पेढ्यांचा फोटो टाकला, तर खाली एका काकांचा हा शेरा. वर तीन हसऱ्या स्मायली. मोठ्यांना काय बोलणार, गप्प बसलो. पण दिवसभर डोक्यातून जाईना.

आमच्या अण्णांची शाळा सातवीत सुटली आणि ते बियाण्याच्या दुकानात पोती उचलायला लागले. म्हणून शेती शिकवणाऱ्या कॉलेजांचा कायदा आणणारा जस्टिन मॉरिल मला आपल्यातला वाटतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या स्ट्रॅफर्ड गावच्या लोहाराचा पोरगा. पंधराव्या वर्षी शाळा संपली, दुकानात नोकरी. पुढे स्वतःची दुकानं काढली, पैसा केला आणि अडतिसाव्या वर्षी धंदा सोडून गावात शेती करत बसला. (हो, मान्य, पोटासाठी नांगर धरणारा तो नव्हता. घरही गुलाबी रंगाचं बांधलं होतं.)

1855 मध्ये खासदार झाला. दोनच वर्षांत विधेयक आणलं: सरकारी जमिनी राज्यांना द्या, त्या विकून आलेल्या पैशावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा. मिनेसोटाचा एक सिनेटर म्हणाला, आम्हाला हौशी शेतकरी नकोत. काका, तुमचेच भाऊबंद! 1859 मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी विधेयक फेटाळलं. गड्याने पुन्हा आणलं. 2 जुलै 1862 ला, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकननी सही केली. राज्याच्या प्रत्येक खासदार-सिनेटरमागे 30,000 एकर.

त्या जमिनी मूळच्या आदिवासींच्या, हे खरंय. त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

पण त्याच साच्यावर स्वातंत्र्यानंतर आपली कृषी विद्यापीठं उभी राहिली. आधी 1960 मध्ये पंतनगर, मग 1968 मध्ये आपलं राहुरी. आणि तिथेच अण्णा एकदा शेतातली माती प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीने गेले होते. मोसंबी लावायची ठरली होती, रोपांना विसारही दिला होता. तिथल्या एका तरुण साहेबाने सांगितलं, चुनखड फार आहे, मोसंबी नको, डाळिंब बघा. अण्णा विसार बुडाला म्हणून आठवडाभर कुरकुरले. शेजाऱ्यांनी मोसंबीच लावली. पाच-सहा वर्षांत पिवळी पडली बाग. आमच्या डाळिंबावर ताईचं लग्न झालं, काका. तुम्ही जेवलात त्या लग्नात.

जाऊ दे. फार चिडून लिहितोय.

काकांचंही एक बरोबर आहे. डिग्री घेऊन पोरं शेतात कुठे येतात? सगळी एमपीएससीला बसतात. भाचीही बसेल कदाचित. बसू दे. ती मातीची पिशवी तपासणारा साहेबही कोणाचा तरी भाचाच असणार.

मॉरिल 1898 मध्ये वारला तोवर संसदेतच होता. 1890 मध्ये, म्हातारपणी, त्याने दुसरा कायदा करून घेतला: काळ्या मुलांना प्रवेश तरी द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा, तरच पैसे. अर्धवट न्याय, पण बऱ्याच कॉलेजांना त्यातून बळ मिळालं.

अण्णांच्या ट्रंकेत माती परीक्षणाचा तो कागद अजून आहे, घड्यांवर फाटलेला. रविवारी भाची येणार आहे, तिला दाखवतो. ग्रुपवर मात्र त्याचा फोटो आत्ताच टाकलाय. काकांची निळी टिक आली, उत्तर नाही.