ब्लीचमध्ये व्हिनेगर? आधी तो मेसेज पुसा, भिंत नंतर

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर जे काही उगवतं, त्यात यंदा हा मेसेज सगळ्यांत जोरात आहे: 'घरातली बुरशी ७ दिवसांत मुळासकट घालवा, अमेरिकन शास्त्रज्ञांचा उपाय.' खाली पाच कलमं. ब्लीच आणि व्हिनेगर सारखंच घेऊन, एकत्र करून भिंतीवर मारा; व्हिनेगर नसेल तर लिंबू किंवा बाथरूमचं ॲसिडही चालेल. कोपऱ्यांत खडेमीठ ठेवा. कपाटात कापूर ठेवा. खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा. शेवटी वॉटरप्रूफ रंगाचा एक हात मारा. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

एरवी मी असलं वाचते आणि सोडून देते. पण परवा रत्नागिरीहून मावशीचा फोन आला. "अगं, ब्लीच आणून ठेवलंय. वाटीने मोजू की झाकणाने?" मावशीला दमा आहे. तिच्या न्हाणीघराला खिडकी नाही, वहीएवढा झरोका आहे. म्हणून हे सगळं.

पहिल्या कलमाबद्दल अजिबात गुळमुळीत बोलणार नाही: हा क्लोरीन वायू तयार करण्याचा कृतिक्रम आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते बाटलीत शांत राहतं, कारण ते द्रावण अल्कधर्मी ठेवलेलं असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला तोच हा वायू. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून वायू तुलनेने कमी सुटेल. पण 'बाथरूमचं ॲसिडही चालेल' हे ज्याने लिहिलं त्याला काय म्हणावं? लादी घासायच्या त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. टॉयलेट साफ करायच्या बऱ्याच द्रावणांतही तेच. आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खालीच साचतो. बंद न्हाणीघरात, उकिडवं बसून खालचा कोपरा घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं. आधी डोळे चुरचुरतात, मग खोकल्याची उबळ, मग छाती आवळते. जास्त वायू गेला तर काही तासांनीही फुप्फुसात पाणी होऊ शकतं. दमेकऱ्यांना तर थोडाही पुरतो. कुणी असं मिश्रण केलंच असेल तर ते ओतायला, धुवायला थांबू नका. सगळे बाहेर मोकळ्या हवेत या आणि श्वास लागत असेल तर थेट दवाखाना गाठा.

बरं, 'अमेरिकन शास्त्रज्ञ' म्हणताच आहात, तर अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, काय म्हणते ते बघू. घरातल्या बुरशीवर त्यांची साधी पुस्तिका आहे, कुणालाही वाचता येते. त्यात ब्लीच हा नेहमीचा उपाय म्हणून सांगितलेलाच नाही. कठीण पृष्ठभागावरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासा आणि जागा पूर्ण कोरडी करा, एवढंच. हातमोजे, चष्मा आणि एन-९५ मास्क घाला. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी उठवते, त्यामुळे नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते. आणि मुख्य म्हणजे पाणी कुठून येतंय ते थांबवलं नाही, तर ती परत येणार. मावशीच्या भिंतीत गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपाचा जोड गळत होता. त्यावर सात दिवस काय, सात वर्षं ब्लीच मारलं असतं तरी काळे ठिपके तिथेच.

नुसतं व्हिनेगर टाइलवरच्या काही बुरशांवर चालतं, हे नाइलाजाने मान्य. पण ओटा कडप्प्याचा असेल किंवा लादी शहाबादी, तर लांब ठेवा. दोन्ही चुनखडक, आम्लाने चकाकी जाते ती जातेच.

मिठाचं कलम वरकरणी शास्त्रीय वाटतं, कारण पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण मीठ पाणी ओढायला लागतं ते हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर. त्याखाली ते ढिम्म. ईपीए म्हणते आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ३० ते ५०. (जुलैत कोकणात, एसीशिवाय ५० टक्के! तो आकडा आपल्यासाठी नाही, हेही सांगून टाकते.) म्हणजे वाटीभर मीठ बुरशीला हवी तेवढी ओल खोलीत ठेवूनच थांबणार. ओल ओढायची ज्या डब्या बाजारात मिळतात त्यात बहुतेक कॅल्शियम क्लोराइड असतं. ते खरंच ओढतं, पण बंद कपाटापुरतं.

कापराने वास झाकला जातो, बास. लहान मुलं असतील तर वड्या हाताला लागतील अशा ठेवू नका, पोटात गेल्या तर फिट येऊ शकते.

खिडक्यांचं अर्धं खरं आहे. हवा खेळायला हवीच. पण बाहेर धो धो कोसळत असताना पश्चिमेची खिडकी सताड उघडी ठेवून काय आत येणार? उघडीप असेल तेव्हा उघडा. स्वयंपाक आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट लावा. आणि हॉलमध्ये दोरीवर वाळत घातलेले कपडे विसरू नका, त्यांतलं लिटरभर पाणी तुमच्याच भिंतींना मिळतं. त्या खोलीत पंखा चालू ठेवा, शेजारची खिडकी किलकिली ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. त्यामागे काय साठलंय ते बघून मेसेज पाठवणाऱ्याला फोटो पाठवायची इच्छा होईल. गादी, पुस्तकं, काहीही भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळवा. त्यानंतर बुरशीच तुमच्या पुढे असते.

राहिला रंग. बुरशीवर रंग मारू नका, तो सोलवटतो, हेही त्याच पुस्तिकेत आहे. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ थर दिला की आतलं पाणी आतच अडकतं आणि दिवाळीपर्यंत पोपडे धरतात. आत्ता गळती शोधा, पाइपाचे जोड आणि वरच्या मजल्याची न्हाणी तपासा. रंगाऱ्याला मार्च-एप्रिलमध्ये बोलवा.