नदी बुधवारी उतरते

गेल्या चार हिवाळ्यांत मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या नद्यांतून एकूण दोन स्टीलहेड पकडले आणि त्यांतला एक कायद्याप्रमाणे तिथल्या तिथे सोडून द्यावा लागला. हा हिशेब सांगताना मला लाज वाटत नाही, कारण या माशाला इथले लोकच ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात आणि माझ्या फेकी अजून चालू आहेत. लाज वाटते ती दुसऱ्याच आकड्याची. पाण्यात गळ टाकून मी जितके तास उभा राहिलो असेन, त्याच्या किमान चौपट तास बीव्हर्टनच्या घरी सोफ्यावर बसून, मोबाइल हातात धरून, ‘कधी जावे’ आणि ‘कुठे जावे’ या दोन प्रश्नांत घालवले आहेत. मुलीची शाळा ठरवतानासुद्धा आपल्या घरात इतका खल झाला नव्हता, असे बायको दर शुक्रवारी रात्री एकदा म्हणते आणि झोपायला निघून जाते.

पुण्यात नोकरीला असताना ‘क्युसेक’ हा शब्द मी फक्त पावसाळ्यात आणि फक्त वर्तमानपत्रात वाचत असे. खडकवासल्यातून मुठेत इतके हजार क्युसेक विसर्ग सोडला, असे छापून आले की त्यातून काढायचा व्यवहारी अर्थ एकच असे, तो म्हणजे भिडे पूल आज पाण्याखाली जाणार की नाही. हाच शब्द सातासमुद्रापलीकडे माझी झोप उडवील असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने इथल्या नद्यांवर ठिकठिकाणी मापनकेंद्रे बसवली आहेत; ती दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची फुटांत आणि विसर्ग घनफूट प्रतिसेकंदात, म्हणजे आपल्या क्युसेकमध्येच, नोंदवतात आणि त्याचा आलेख कोणालाही फुकट पाहता येतो. फुकट मिळते म्हणून किती पाहावे याला काही सुमार असावा, पण तो माझ्याजवळ नाही. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तरी मी आधी विल्सन नदीचे पाणी पाहतो आणि मग माठाचे.

खरे तर चढणीचे मासे मला नवे नाहीत. कुडाळजवळच्या आमच्या गावी मृगाचा पहिला जोरकस पाऊस झाला की घरामागच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लाल पाणी येई आणि त्या रात्री मासे त्या पाण्याच्या उलट दिशेने थेट शेतांच्या बांधांपर्यंत चढत. संध्याकाळी बाबा पडवीत उभे राहून आभाळाकडे पाहत आणि ‘आज चडतले’ एवढे दोन शब्द बोलत. कधी, या प्रश्नाचे उत्तर ‘आज रात्री’ आणि कुठे, याचे उत्तर ‘घरामागे’. बॅटरी, टोपली आणि पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन आम्ही निघत असू आणि जेवणाच्या आत परत येत असू. या संस्कारात वाढलेल्या माणसाने एका माशासाठी सहा नद्यांचे आलेख शेजारीशेजारी मांडून बसावे, हा अधःपात आहे.

स्टीलहेडही चढणीचाच मासा. जातीने तो रेनबो ट्राउट. फरक इतकाच की नदीत जन्मून, तिथे साधारण एक ते तीन वर्षे काढून तो समुद्रात जातो आणि आणखी काही वर्षांनी रुपेरी, दांडगा होऊन विणीसाठी जन्माच्या नदीत परततो. शेजारच्या वॉशिंग्टन राज्याने १९६९ साली त्याला राज्यमासा केले. पॅसिफिक सामन विणीनंतर मरतो, तसा हा मरतोच असे नाही. काही जण पुन्हा समुद्र गाठतात आणि पुन्हा येतात. अडचण अशी की सामनासारखी त्याची झुंड येत नाही. आज चार, परवा दोन, मग आठवडाभर कोणी नाही, अशा हिशेबाने ते मैलोन्‌मैल नदीत विखुरलेले असतात आणि नदीत आल्यावर त्यांचे खाण्यावर फारसे लक्ष नसते. तेव्हा भूक नसलेल्या, मुळात हजर असेलच याची खात्री नसलेल्या माशाला गाठायचे, तर वेळ आणि जागा बिनचूक हवी, हे ओघाने आले.

आधी वेळ. उन्हाळी चढण वेगळी आणि हिवाळी वेगळी. उन्हाळ्यात कोलंबिया नदीतून वर जाणारे मासे बॉनव्हिल धरणाच्या मत्स्यसोपानावर, म्हणजे माशांना धरण चढून जाण्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवर, काचेच्या खिडकीतून मोजले जातात आणि त्यांचा रोजचा आकडा जाहीर होतो. त्या आकड्यांच्या व्यसनाविषयी इथे बोलत नाही, कारण ते सांगायला वेगळा लेख लागेल. हिवाळी मासे डिसेंबर ते एप्रिल या काळात येतात, म्हणजे ऑरेगनमध्ये पाऊस अखंड चालू असतो तेव्हा. पाऊस पडला की नदी चढते, गढूळ होते आणि समुद्राच्या तोंडाशी थांबलेले मासे आत शिरतात. पण त्या गढुळात त्यांना आमिष दिसत नाही. पाऊस थांबला की नदी उतरू लागते, निवळू लागते. अगदी निवळली की मासे बुजतात आणि आपली सावलीदेखील त्यांना खपत नाही. या दोन टोकांच्या मधे एक किंवा दोन दिवस असे येतात की पाण्याला गोटी सोड्याच्या जुन्या बाटलीचा हिरवा रंग येतो, गुडघाभर पाण्यात आपले बूट पुसटसे दिसतात, तापमान पाच-सहा अंश सेल्सियसच्या वर असते आणि आलेखाची रेघ सावकाश खाली येत असते. तो मुहूर्त. गेल्या चार वर्षांत तो मुहूर्त बहुतेक वेळा बुधवारी आलेला आहे. बुधवारी सकाळी मला तीन मीटिंगा असतात. शुक्रवारी रात्री नवा पाऊस येतो.

जागेचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण प्रत्येक नदीचा स्वभाव निराळा. किनाऱ्याकडच्या डोंगररांगेतून टिलामूकच्या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत किल्चिस लहान, म्हणून ती सगळ्यांत आधी निवळते. मग विल्सन आणि ट्रास्क. दक्षिणेकडची नेस्टुका आपल्या सवडीने. आणि उत्तरेची मोठी नेहेलम सगळ्यांच्या शेवटी, लग्नघरातल्या रुसलेल्या आत्याबाईंसारखी. उलट दिशेला, माउंट हूडच्या हिमनद्यांतून येणारी सँडी नदी घरापासून पाऊण तासावर; थंडी पडून वरचे बर्फ गोठले की किनाऱ्यावरच्या नद्या लाल असतानाही ती कधीकधी शहाण्यासारखी वागते. म्हणजे पाऊस किती पडला एवढे पुरत नाही. तो कोणत्या डोंगरावर, किती तास आणि पाणी होऊन पडला की बर्फ होऊन, हेही पाहावे लागते. शिवाय नियमांची पुस्तिका असते. कोणत्या नदीचा कोणत्या पुलापासून कोणत्या पुलापर्यंतचा भाग कोणत्या तारखेला खुला, हे त्यात दिलेले असते आणि सातबाराचा उतारा वाचता येणाऱ्या माणसालाही ते एका वाचनात उमजत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त आजोबा राहतात. ते चाळीस वर्षे स्टीलहेड धरत आहेत आणि त्यांच्याकडे साधा स्मार्टफोनही नाही. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांना माझे सहा आलेख दाखवले होते. त्यांनी चष्मा लावून ते आस्थेने पाहिले आणि म्हणाले, “विल्सन पाच फुटांच्या आसपास आली आणि उतरत असली की जायचं.” एवढे बोलून ते कुंपणावरची पाने गोळा करायला गेले. चाळीस वर्षांचे सार असे एका वाक्यात हातावर ठेवले की माणसाचा विश्वास बसत नाही. मी आणखी दोन संकेतस्थळांचे सभासदत्व घेतले.

गेल्या जानेवारीतला एक शनिवार सांगतो. शुक्रवारी रात्री साडेअकराला विल्सन साडेपाच फुटांवर होती आणि रेघ खाली झुकत होती. पहाटे पावसाचा अंदाज किरकोळ होता. सगळे ग्रह जुळल्यासारखे वाटून मी पहाटे चारला निघालो. निघताना शेजारच्या आजोबांची हिरवी गाडी त्यांच्या दारात उभी दिसली आणि घरात अंधार होता. मला त्यांच्या आळसाची किंचित कीव आली, हे कबूल करतो.

डोंगर चढताना काचेवर पाऊस सुरू झाला. घाटमाथ्यावर वायपर पूर्ण वेगाने चालत होते. पलीकडे उतरून उजाडताना पुलावर थांबलो तेव्हा खाली विल्सन नव्हतीच. टपरीवरचा दुधाळ चहा वाहत होता आणि त्यात एक अख्खे झाड मुळांसकट समुद्राकडे निघाले होते. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून ज्या आलेखावर विसंबून मी आलो तो पाहण्यासाठी मला आणखी वीस मैल टिलामूकपर्यंत जावे लागले. आलेखाची रेघ पहाटे तीनपासून भिंतीसारखी उभी चढली होती. नदी लाल आहे हे मला सरकारी आकड्यांनिशी कळले.

आता उरली किल्चिस. ती आधी निवळते हे गुपित माझ्याप्रमाणेच सुमारे तीस गाड्यांना ठाऊक होते. शेवटी एका वळणावर मला जागा मिळाली. समोर सुरेख, खोल, काळाशार डोह. पुस्तकी नियम असा की स्टीलहेड माणसाच्या चालीइतक्या वेगाच्या, तीन ते सहा फूट खोल पाण्यात, एखाद्या धोंड्याच्या आडोशाने थांबतो. पण डोह दिसला की कोकणी माणसाचे मन पुस्तक मानत नाही. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून मी मांडीभर पाण्यात शिरलो आणि तीन तास त्या डोहात बोया, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगता गोळा, सोडत राहिलो. बोया जायचा, गोल फिरायचा, परत यायचा. बोटे इतकी बधिरली की गाठ मारायला दात वापरावे लागले.

साडेदहाला एक सत्तरीच्या बाई आल्या, मला नमस्कारासारखी मान हलवली आणि पाण्यात न शिरता काठावरच थांबल्या. मी दमून बाहेर आलो, तेव्हा त्यांनी अदबीने विचारले, “तुमचं झालं?” मी हो म्हटले. त्यांनी मी जिथे उभा होतो नेमक्या त्याच जागी, काठापासून जेमतेम आठ फुटांवर, आपला बोया टाकला. तिसऱ्या फेकीला तो बुडाला. दहा मिनिटांनी त्यांच्या जाळीत सात-आठ पौंडांची मादी होती, गालावर फिकट गुलाबी पट्टा, अंगावर समुद्राची चांदी अजून ताजी. शेपटीच्या अलीकडे पाठीवर नखाएवढा मऊ पर शाबूत होता, म्हणजे ती मत्स्यबीज केंद्रातली नव्हती, रानची होती. केंद्रातल्या पिलांचा तो पर आधीच कापलेला असतो. शाबूत पराची सोडायची असते. बाईंनी तिला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, दोन्ही हातांनी क्षणभर प्रवाहाकडे तोंड करून धरली आणि ती निसटली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पाणी वाढलं की ते काठाला येतात. तुम्ही त्यांच्या दिवाणखान्यात उभे होता.”

घरी पोचलो तेव्हा भारतात रविवारची सकाळ झाली होती आणि बाबांचा फोन आला. “काय गावला काय?” त्यांनी विचारले. मी त्यांना पर्वत, पाऊस, मापनकेंद्र, क्युसेक असे सगळे सविस्तर सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पण घरामागे व्हाळ नाय काय तुझ्या?”

रविवारी पाऊस थांबला. सोमवारी रेघ उतरू लागली, मंगळवारी उतरत राहिली. बुधवारी सकाळी साडेनऊला, दुसऱ्या मीटिंगमध्ये कोणीतरी तिमाहीचे आकडे वाचून दाखवत असताना, मी टेबलाखाली मोबाइल धरून पाहिले. विल्सन पाच फूट एक इंच, उतरती. मी खिडकीबाहेर मान वळवली. आजोबांच्या दारातली जागा रिकामी होती. गाडी रात्रभर जिथे उभी होती, तेवढाच डांबराचा चौकोन अजून कोरडा होता.