गाडी पुसण्याची इंदुरी पद्धत

नव्या गाडीचा रंग कारखान्यातून आला तसाच वर्षानुवर्षं राहिला, तर लोकांना वाटेल मालकाचं गाडीवर प्रेमच नाही. तेव्हा डिलिव्हरी घेतली की दुसऱ्या दिवसापासून कामाला लागावं. कंपनीने तुमची बरीच सोय करून ठेवलेली आहे. पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठीचा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, असे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. ज्या चकाकीवर भाळून तुम्ही हप्ते डोक्यावर घेतलेत ती जवळपास सगळी त्या शेवटच्या थरात आहे, आणि तो थर आहे जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. वयोमानाने केस गेले तसा हाही जाईलच. फक्त ह्याच्या बाबतीत वयाची वाट पाहायची गरज नाही.

सुरुवात कोरड्या फडक्याने करावी. सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते तेव्हा सगळी कॉलनी डबे घेऊन दारात उभी असते. हाच मुहूर्त. लोकांनी डबा रिकामा करता करता तुमच्याकडे पाहिलं पाहिजे. रात्रीतून बॉनेटवर धूळ बसलेलीच असते, आणि आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती काळी माती नव्हे. त्यात कुठल्या तरी बांधकामाची रेती असते, सिमेंट असतं, मेट्रोच्या खोदकामातून उडालेलं आणखी काही असतं. रेतीतला क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. हे कण आधी पाण्याच्या धारेने वाहू दिले तर फुकट गटारात जातात. त्यांचा खरा उपयोग व्हायला ते फडक्याखाली दाबावे लागतात आणि हात गोल गोल फिरवावा लागतो. महिनाभरात फळ दिसतं: उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक रेघा उमटतात. गाड्या चकाकवून देणारे डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात. गाडी काळी असेल तर जाळं दुरून दिसतं. पांढरी घेतली असेल तर तुम्ही गाडीच्या निवडीतच कच खाल्लीत. पांढऱ्यावर मेहनत दिसत नाही.

काही घाईच्या मालकांना हे श्रमही करावे लागत नाहीत. डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी यार्डात आलेल्या गाड्या एकाच मळक्या स्पंजाने भराभर धुतल्या जातात, आणि पहिलं जाळं तिथूनच हारासकट घरी येतं.

फडक्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. बाजारात मायक्रोफायबरची चांगली जाड फडकी मिळतात; ती घेऊ नयेत. दहा-पंधरा लाखांच्या गाडीवर दोनशे रुपयांचं फडकं वापरणं ही उधळपट्टी आहे. घरात बाबांचा जुना बनियन असतोच. त्याहून चांगला जुना शर्ट, बटणांसकट. आणि समजा कोणी मायक्रोफायबर भेट दिलंच, तर ते घरच्या कपड्यांबरोबर भरपूर सॉफ्टनर घालून धुवावं, म्हणजे त्याचे तंतू बुजतात आणि ते बनियनच्या पातळीवर येतं.

हे फडकं गाडीभर एकच असावं. आधी टायर आणि रिम पुसावे, तिथला ब्रेकचा लोखंडी चुरा नीट टिपून घ्यावा आणि मग त्याच फडक्याने छत. इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं आणि पुढली कित्येक वर्षं त्या जागेवरून हललं नाही, ते काही उगीच नाही. इथला माणूस घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो. ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, मुलाच्या खेळण्यातला संपलेला सेलसुद्धा वेगळा. एवढी शिस्त पाळून दमलेल्या माणसाकडून टायरचं फडकं आणि बॉनेटचं फडकं वेगळं ठेवण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे.

स्वतःला वेळ नसेल तर बिल्डिंगमध्ये पहाटे गाड्या पुसणारा भिया (इंदुरी भैया) असतोच. महिन्याला त्याला जे देता त्यात एक बादली पाणी आणि एकच फडकं बसतं, हे गणित त्यालाही कळतं आणि तुम्हालाही. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तीच बादली फिरते. तुमची गाडी रांगेत शेवटची असेल तर साऱ्या सोसायटीची रेती तुमच्या दारावर येऊन थांबते. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला साधं पाणी, असं काही हौशी लोक सांगतात. त्यांना घरी दुसरी बादली मागून पाहायला सांगा, आंघोळीच्या वेळेला.

आता पाणी. नर्मदा आपल्याकडे जलूदहून ७० किलोमीटरवरून घाट चढून येते. ते पाणी गाडीवर ओतताना थोडी तरी लाज वाटते, म्हणून सज्जन माणसं बोरिंगचं वापरतात. त्यात क्षार विरघळलेले असतात, ही त्याची खुबी. गाडी धुवावी ती भर दुपारी, मे महिन्यात, बॉनेट हात ठेववणार नाही इतकं तापल्यावर. पाणी उडून जातं, कॅल्शियम जागेवर राहतं, आणि प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं काचेवर व रंगावर कायमचं नोंदलं जातं. सावलीत धुऊन लगेच टिपून घेतलं तर ही नोंद राहत नाही. शाम्पूऐवजी कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण घ्यावा. कढईचं तूप काढणारा साबण रंगावरचं मेण कशाला सोडेल?

कबुतर, मैना, वटवाघूळ जे काही लावून जाईल ते रविवारपर्यंत तसंच राहू द्यावं. पाखरांच्या विष्ठेतलं युरिक ॲसिड आणि माळव्याचं ऊन यांना एकमेकांशी ओळख व्हायला थोडा वेळ हवा असतो. तापलेला क्लिअर कोट मऊ पडतो, फुगतो. रात्री गार होऊन आवळतो. तोवर वरचं वाळून घट्ट झालेलं असतं. रविवारी नखाने किंवा बँकेच्या मुदत संपलेल्या कार्डाने खरवडावं. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवायचं आणि मऊ झालं की अलगद उचलायचं, हा आळशी लोकांचा उपाय.

एवढं सगळं केल्यावर रंग मंद दिसू लागतो. म्हणजे पॉलिशची वेळ आली. पॉलिशने रंगावर काहीतरी चढतं अशी जी समजूत आहे ती कृपा करून जपावी. चढतं ते मेण. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण असो की कृत्रिम सीलंट, ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उतरतं, म्हणजे बेभरवशाचंच. पॉलिश मात्र उतरत नाही, कारण ते मुळात उतरवण्याचंच काम करतं. रेघेच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर कोट घासून रेघेच्या तळापर्यंत आणला की रेघ दिसेनाशी होते. पेस्ट बारीक असेल तर एक-दोन मायक्रॉन, खरखरीत असेल आणि कारागिराने मशीनवर भार दिला तर त्याहून बरेच. तेव्हा सर्व्हिसिंगला कोणी 'साहेब, रबिंग-पॉलिश फ्री आहे' म्हणालं की नाही म्हणू नये. दर सर्व्हिसिंगला करावं. कडांवर थर आधीच पातळ असतो. तिथे मशीन जरा जास्त वेळ धरायला सांगावं.

मग सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर. त्याची किंमत मोबाइलपासून सुरू होते आणि स्कूटरच्या आसपास थांबते, आणि त्यात सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे दुकानातलं प्रात्यक्षिक. लायटर पेटवून दाखवतात, मार्करने लिहून पुसतात. 'नाइन एच आहे काका, काहीच होणार नाही.' काकांनी मान डोलवावी. नाइन एच ही पेन्सिलीची श्रेणी आहे, हे सांगून रसभंग करू नये. ९एच पेन्सिल ठराविक दाबाने ओढली आणि ओरखडा आला नाही, एवढंच त्या चाचणीचं म्हणणं. तेव्हा शेजारचा बंटी भूमितीचा गृहपाठ तुमच्या दारावर करायला बसला तर तुम्ही निश्चिंत. त्याच्या हातात खिळा असेल तर तो विषय वेगळा. तसं कोटिंग वाईट नसतं, पाणी घरंगळतं, चिखल लवकर सुटतो. पण एक-दोन मायक्रॉनचा थर बायपासवर डंपरखालून उडालेली गिट्टी अडवू शकत नाही. ती अडवते पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पॉलियुरेथेन फिल्म, आणि तिची किंमत ऐकून माणूस पुन्हा फडक्याकडे वळतो. सिरॅमिक केल्यावर गाडी धुवावी लागत नाही, असं मात्र ठामपणे सगळ्यांना सांगत जावं आणि रोज कोरडं फडकं चालू ठेवावं.

नवी गाडी घेऊन खजराण्याच्या गणपतीला जायचंच. गणपतीबाप्पा रंगाचं रक्षण करतो, त्यामुळे त्याच्यासमोर बॉनेटवर तुपात कालवलेल्या शेंदराने स्वस्तिक काढायला हरकत नाही. ते आत्याच्या हातून काढवून घ्यावं, अंगठी न काढता. नंतर पुसू नये. पुसलं तर आत्याला वाईट वाटतं. त्याच श्रद्धेने रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते तेव्हा गाडी राजवाड्याच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावावी. टँकरमधून रंगाचे फवारे वर जातात आणि तुमच्या छतावर शांतपणे येऊन बसतात. गेर पुढे सरकली की महापालिका काही तासांत रस्ते धुऊन काढते. तिच्या कामात तुमचं छत येत नाही, ते तुमच्याकडेच राहतं.

कव्हरचं थोडक्यात: धुळीने भरलेल्या गाडीवरच घालावं आणि दोरी ढिली ठेवावी. शब-ए-माळव्याची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ती नावाजलेली गार हवा सुटली की कव्हर रात्रभर फडफडतं आणि तुम्ही झोपलेले असताना तुमचं सकाळचं काम अर्धं उरकून ठेवतं.

आमच्याकडे लोकमान्य नगरात एक निवृत्त काका आहेत. त्यांनी जुन्या गाडीचे एवढे लाड का करावेत कोणास ठाऊक. पंधरवड्यातून एकदा, सकाळी, झाडाच्या सावलीत. आधी नुसतं पाणी, मग दोन बादल्या, वरून खाली सरळ हात, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. वर्षातून दोन-तीनदा मेण. मधल्या दिवसांत गाडी सरळ मळकी उभी असते आणि ते शेजारी पेपर वाचत बसतात. नव्या गाडीवाल्यांना ते बघवत नाही. 'काका, गाडी नाही पुसली आज?' असं जाता येता विचारलं तर म्हणतात, 'धूळ आहे रे, बसू दे की.' अशा माणसाला शेजारधर्म म्हणून मदत करावी. बॉनेटवर धुळीत बोटाने मोठ्या अक्षरांत लिहावं: 'धो लो भिया'. जरा दाबून लिहावं, म्हणजे धुतल्यावरही वाचता येतं.