गारगोटीचे पिस्तूल आणि पार्सलची खिडकी

जुनी इंग्रजी चकमकीची पिस्तुले जमवणाऱ्या माणसाला गंज, दमट हवा आणि घरच्यांचे टोमणे एवढ्यांशीच झगडावे लागते, अशी माझी समजूत होती. परवा बर्मिंगहॅममधल्या पार्सलच्या खिडकीने तिला सुरुंग लावला आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

माझ्या पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग मोडलेली आहे. घोडा मान टाकून लोंबतो, ठासणीचा गज पूर्वीच्या कुणा मालकाने हरवलेला आहे आणि नळीत कित्येक वर्षांत धुळीखेरीज काहीही गेलेले नाही. हे अपंग शस्त्र शेफील्डच्या एका कारागिराकडे दुरुस्तीला पाठवायचे, एवढेच माझे काम होते. खिडकीमागच्या बाईंनी आत काय आहे ते विचारले आणि मी खरे सांगून टाकले. त्याबरोबर माझ्यामागची रांग एक पाऊल मागे सरकली. ती इतक्या शिस्तीत सरकली की एरवी मला तिचे कौतुक वाटले असते.

‘यात बॅटरी आहे का?’ बाईंनी यादी पुढे ओढून विचारले.

मी म्हणालो, ‘नाही, गारगोटी आहे.’ यादीत गारगोटी नव्हती, पण आग लावणाऱ्या वस्तू होत्या, आणि बाईंचे बोट तिथे जाऊन थांबले. ‘मग ते भरलेले आहे का?’ त्यावर मी त्यांना समजावले, की आधी नळीच्या तोंडाकडून दारू आणि गोळी ठासावी लागते, मग बाहेरच्या वाटीत रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू, घालावी लागते, आणि चाप ओढल्यावर गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडली, तर ती आग नळीच्या कानातून, म्हणजे बारीकशा छिद्रातून, आत जाते. एवढे करून पाऊस असला की बहुधा काहीच होत नाही, आणि या देशात पाऊस असतोच. वाटीतली रंजक पेटल्याचे दिसताच पक्षी उडून जातात, म्हणून वैतागलेल्या फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1807 मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले आणि गारगोटीचा निकाल लागला. मग हजारो पिस्तुले त्या नव्या पद्धतीची करून घेण्यात आली, आणि आता तीच पुन्हा गारगोटीची करून आमच्यासारख्यांना दामदुप्पट भावाने विकली जातात, हे मी सांगणार होतो. पण मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

मागे एक वृद्ध गृहस्थ मुरंब्याच्या बाटल्यांचे खोके कवटाळून उभे होते. रांगेत मागे न सरकलेले तेवढे एकटेच. त्यांनी खोके खाली ठेवले, माझ्या उघड्या पार्सलात डोकावले आणि न्यायाधीशाच्या थाटात निर्णय दिला: ‘हे डिक टर्पिनचे आहे.’

मी नम्रपणे सांगितले, की वाटमारी करणाऱ्या त्या नामांकित इंग्रज दरोडेखोराला, टर्पिनला, यॉर्कमध्ये 1739 मध्ये फाशी झाली. या नळीवर मुकुटाखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आहेत. ती बंदुकांच्या नळ्या तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मुद्रा, आणि ते चाचणीगृहच मुळी 1813 च्या कायद्याने उभे राहिले.

‘मुद्रा मागाहून मारली असेल,’ ते शांतपणे म्हणाले. ‘चोरीच्या मालाची नोंद नेहमी उशिराच होते.’

याला उत्तर काय द्यावे? मी दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड दाखवले, घडण दाखवली. त्यांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि ती टर्पिनच्या खात्यात जमा केली. मग त्यांनी मी मूळचा कुठला ते विचारले. मी सातारा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर अपार सहानुभूती पसरली: ‘मग तुम्हाला टर्पिन कुठून ठाऊक असणार!’ त्याची फाशीची तारीख मी नुकतीच सांगितली होती. जुन्या शस्त्रांच्या जत्रांतही हेच होते. शेजारच्या गोऱ्या गिऱ्हाइकाशी विक्रेता स्प्रिंगच्या पोलादाबद्दल बोलतो आणि मला मात्र गोळी कोणत्या टोकातून बाहेर पडते ते दाखवतो. याचे हसू येते असे मी चारचौघांत सांगतो. खरे म्हणजे येत नाही.

दरम्यान मी खिडकीपुढे 1968 च्या ब्रिटिश शस्त्रकायद्याचे कलम 58 मांडत होतो, की कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगलेल्या पुराण्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. बाई म्हणाल्या, ‘कायदा चालत असेल, आमच्या कंपनीला चालत नाही.’ पार्सल परत माझ्या हातात आले. मुरंबा मात्र विनाचौकशी वजनकाट्यावर चढला, आणि तो पाठवून झाल्यावर त्या गृहस्थांनी मला दारापाशी गाठून, आवाज खाली आणून, डिक टर्पिनच्या अस्सल पिस्तुलाचे दहा पौंड देऊ केले, फुग्यांच्या प्लॅस्टिकसकट.