फक्त ओसीएक्स बदलली, बाकी काही नाही

राजेहो, व्हीबी सिक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक ६ हे प्रोग्रॅम लिहायचं साधन, १९९८ साली आलं. त्याच्या आयडीईचा, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहितात त्या सॉफ्टवेअरचा, सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २००८ च्या एप्रिलात बंद केला. तरी इतवारीतल्या ठोक दुकानांत अजून त्याच्यावरच बिलं फाटतात, आणि बरी फाटतात. चालतं सॉफ्टवेअर बंद पाडायला तुमच्यासारखे जाणकार लागतात. मार्चअखेरची संध्याकाळ, काउंटरवर गिऱ्हाईक, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची झिप: ‘फक्त ओसीएक्स बदलली, बाकी काही नाही.’ ओसीएक्स म्हणजे ग्रिडसारखे फॉर्मवरचे तयार भाग, कंट्रोल, ज्यात असतात ती फाईल; ती विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवावी, म्हणजे रजिस्टर करावी लागते. परवाचीच अशी एक झिप समोर ठेवून हे मार्गदर्शन.

नव्या मशीनवर ‘ओसीएक्स नीट रजिस्टर झालेली नाही’ ही एरर ३३९ आली, की संदेशाचा पहिला अर्धाच वाचावा. ‘किंवा ती ज्यावर अवलंबून आहे अशी एखादी फाईल’ हा उरलेला भाग शोभेचा असतो. ओसीएक्स डोळ्यांसमोर आहे आणि ती रजिस्टर करणारं रेगएसव्हीआर३२ म्हणतं मॉड्यूल सापडलं नाही, म्हणजे विंडोजच खोटं बोलतंय! तिला लागणारी डीएलएल, म्हणजे कोडची जोडफाईल, मशीनवर नाही हे डंपबिन या तपासणीच्या कमांडला /डिपेंडंट्स लावून दोन मिनिटांत दिसतं, पण दोन मिनिटं आहेत कोणाकडे? फॉरमॅट मारा.

३२-बिट ओसीएक्स सिस्टीम३२ मध्येच टाका, नावातच ३२ आहे. ६४-बिट विंडोजमध्ये ते घर ६४-बिटवाल्यांचं असतं आणि ३२-बिटवाले सिसवॉव६४ मध्ये राहतात, असं कोणी सांगितलं तर दोन्हीकडे एकेक प्रत ठेवा. तिसरी डेस्कटॉपवर. रजिस्टर कोणती झाली, ते पुढचा माणूस शोधेल.

रजिस्टर करताना कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडू नये. कमीपणा येतो.

प्रोजेक्ट उघडताना ‘कंट्रोल लोड झाला नाही, पुढे जायचं का?’ असं विचारलं की बेधडक यस. ग्रिडच्या, म्हणजे रकान्यांच्या तक्त्याच्या, जागी व्हीबी एक राखाडी पिक्चरबॉक्स बसवून देतं. लगेच सेव्ह करा, म्हणजे कॉलमच्या रुंद्या, हेडिंगं, सगळं साफ. फॉर्मच्या शेजारी त्याच नावाची लॉग फाईल तयार होते. कुठला कंट्रोल अडला ते त्यात लिहिलेलं असतं, तेव्हा ती न वाचता डिलीट करावी.

डॉटनेट फ्रेमवर्क या मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या साधनात जुनी ओसीएक्स वापरणाऱ्यांनी प्लॅटफॉर्म टार्गेट, म्हणजे प्रोग्रॅम ३२-बिट चालायचा की ६४-बिट ते, ‘एनी सीपीयू’च ठेवावं. चालवताना ८००४०१५४, म्हणजे ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’, आलं की पुन्हा रजिस्टर करा, मग पुन्हा. टार्गेट एक्स८६, म्हणजे ३२-बिट, केलं असतं तर काम झालं असतं, पण मग दिवस कसा जायचा? त्यांचं आयडीई व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ स्वतःच ६४-बिट आहे आणि जुना ३२-बिट कंट्रोल त्याच्या डिझायनरमध्ये अडू शकतो, म्हणून फॉर्म उघडायला २०१९ची आवृत्तीही जवळ ठेवणारे लोक भित्रे असतात.

आता मुख्य विद्या. प्रोजेक्ट प्रॉपर्टीज, कंपोनंट टॅब, ‘नो कंपॅटिबिलिटी’, म्हणजे जुन्या फाईलशी सुसंगतता नको. बस. प्रत्येक कंपाइलला क्लास, इंटरफेस आणि टाइप लायब्ररी, सगळ्यांना नवे जीयूआयडी, म्हणजे ओळखीचे नंबर. फाईलचं नाव तेच, आयकॉन तोच, आत नंबर निराळे. दुकानातल्या ईएक्सईला, म्हणजे बिलाच्या प्रोग्रॅमला, जुने नंबर पाठ, ती शोधत बसते. मग येते एरर ३७२: ‘तुमची ओसीएक्स जुनी असावी.’ जुनी! काल रात्री कंपाइल केलेली! नाहीतर ४२९, ऑब्जेक्ट बनवता येत नाही. त्यावर तुमचं उत्तर ‘तुमच्या मशीनला व्हायरस आहे’. जुनी फाईल काढताना रेगएसव्हीआर३२ला /यू लावून अनरजिस्टर करायचं नाही, म्हणजे रजिस्ट्रीत मेलेल्या नोंदींचा ढीग. कोणी बायनरी कंपॅटिबिलिटी, म्हणजे जुन्या फाईलचे नंबर टिकवायची सोय, लावलीच, तर ती ज्या फाईलवर कंपाइल होते तिच्याकडेच दाखवून ठेवतो. मेथडचं, म्हणजे कंट्रोलच्या एखाद्या कामाचं, आर्ग्युमेंट बदललं की व्हीबी हात जोडून सांगतं, भाऊ, सुसंगतता तुटते आहे. तुम्ही ‘तोडा’वर क्लिक करून तर्री-पोहे खायला जाता, आणि इकडे पंधरा मशीनवर एकही बिल निघत नाही!

पुरे झालं. गंमत नाही ही. काउंटरवरचा पोरगा शिव्या खातो तुमच्या आळसापायी. पाठवलेल्या ओसीएक्सची एक प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि बायनरी कंपॅटिबिलिटी तिच्याकडे दाखवा. जुन्या मेथडला हात लावू नका, नवीन हवी तर नव्या नावानं जोडा. एफआरएम, म्हणजे फॉर्मची फाईल, साठवता तेव्हा तिच्या जोडीची एफआरएक्सही साठवा, ग्रिडचा अर्धा जीव तिच्यात असतो. प्रत्येक बिल्डला व्हर्जन नंबर वाढवा, ‘न्यू फायनल २’ हा व्हर्जन नंबर नाही. आणि पाठवण्याआधी ज्या मशीनवर व्हीबी कधी घातलंच नाही अशा एका मशीनवर लावून, एक बिल छापून बघा. तुमच्या स्वतःच्या मशीनवर ते चालणारच, तिथं सगळं आधीच रजिस्टर आहे.