लसूण गिळू नका, ठेचा

सकाळी अनशापोटी लसणाची अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळा, कोलेस्टेरॉल उतरतं! हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच असतो. नेमाने गिळणाऱ्या काका-मामांना राग येईल, पण बोलतेच.

अख्ख्या पाकळीला वास जवळजवळ नसतो. बत्ता बसला की घरभर होतो. पाकळीत ॲलीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर (म्हणजे एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. १९४४ साली अमेरिकेत शोधलेलं हेच ते, ज्याचं एवढं कौतुक. न चावता गिळल्यावर पेशी फुटणार कशा? वर जठरातलं आम्ल त्या विकराला निकामी करतं, ते वेगळंच.

स्वयंपाकात तरी आपण काय करतो? ठेचला की थेट कडकडीत तेलात. तिथे विकराचा कारभार आटोपला. ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग फोडणीत टाका. तेवढ्यात कोथिंबीर निवडून होते.

कोबी, मुळा, ब्रोकोली यांचीही तीच तऱ्हा. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या चमूने वेगळं काढलं. घातक द्रव्यं निकामी करणारी शरीरातली विकरं ते वाढवतं. पण भाजी गाळ शिजवली की ते तयार करणारं विकर मरतं. गंमत म्हणजे मोहरीतही तसलंच विकर असतं, त्यामुळे शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातली की काम पुन्हा सुरू होतं. तडतडलेली मोहरी नव्हे हं, कच्ची. कोबीच्या पचडीला फेसलेली मोहरी लावून बघा, नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत.

आता कोलेस्टेरॉल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ मध्ये १९२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने कुणाला कच्चा लसूण, कुणाला लसणाच्या गोळ्या, कुणाला नुसती खोटी गोळी. वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंच हललं नाही. बीपी चढलेलं असेल तर थोडं उतरतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण तेवढ्यावर बीपीची गोळी बंद करणं हा शुद्ध वेडेपणा. मी लसूण खाते तो भाकरीबरोबर ठेचा लागतो म्हणून.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर लसणाच्या कॅप्सूल घेताय हे डॉक्टरांना आधी सांगा. रक्तस्राव वाढू शकतो.